जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा काटा

मागच्या आषाढातली गोष्ट आहे. शुक्रवारी आमच्या गल्लीची जत्रा झाली. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं, ते घागरीतनं पी ढबाकच्या तालावर वाजत गाजत टेंबलाई देवीला नेऊन घालायचं, आणि मग अख्ख्या गल्लीला मटणाचं जेवण. त्या रात्री दादा पोटभर जेवला, तांबडा, पांढरा, सुकं, दोन भाकरी आणि शेवटी भात, आणि जेवायलाच पाहिजे होतं, वर्षातनं एकदा येते जत्रा.

शनिवारी सकाळी सहाला तो काट्यावर उभा राहिला. 85.9. आदल्या सोमवारी बरोबर 84 होतं. फेब्रुवारीत त्यानं 92 वरनं सुरुवात केली होती, उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभं राहून परत रोज पहाटे रंकाळा तलावावर चालायला जायचा, रात्रीचा भात बंद, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध बंद, असं करत करत पाच महिन्यात आठ किलो खाली आणलं होतं. त्यानं काटा पायानं कॉटखाली सरकवला, चालायचे बूट उचलून रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवले आणि म्हणाला, "गेले बघ पाच महिने पाण्यात."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्याचं ते वाक्य ऐकून वाईट वाटलं, कारण त्याला माहीत नव्हतं की तो शब्दशः खरं बोलतोय. वाढलेलं वजन पाणीच होतं.

हिशोब करून बघा. शरीरात एक किलो चरबी साठायला साधारण 7700 कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात. म्हणजे 1.9 किलो चरबीसाठी साडेचौदा हजाराच्या वर कॅलरी. एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीला 200 कॅलरी धरल्या तर सत्तरपेक्षा जास्त भाकऱ्या होतात, आणि त्या पण रोजच्या जेवणाच्या वर, एका दिवसात. एवढं खाणारा माणूस आमच्या गल्लीत काय, सगळ्या तालमी धुंडाळल्या तरी सापडायचा नाही.

मग काट्यावर आलं कुठनं? तीन गोष्टी आहेत. भात भाकरीतल्या स्टार्चची शेवटी साखर होते आणि त्यातली काही लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते. मोठ्या माणसात हा साठा भरलेला असला तर साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो, आणि दर ग्रॅममागं जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. दादा रात्रीचा भात सोडून बसलेला, त्यात रोज चालणं, म्हणजे त्याचा साठा अर्धवट रिकामाच असणार. जत्रेच्या जेवणानं त्यात 200 ग्रॅम जरी भर पडली तरी सोबत 600 ग्रॅम पाणी, झाले 800 ग्रॅम.

दुसरं मीठ. सलाइनची बाटली बघितली असेल सगळ्यांनी, त्यात लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या शरीरातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच ठेवावा लागतो. जेवणातनं 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा मीठ जास्त गेलं, की किडनी ते बाहेर टाकेपर्यंत शरीर अर्धा लिटरभर पाणी अडवून ठेवतं. म्हणून तर मटणाच्या जेवणानंतर रात्री दोनदा उठून तांब्याभर पाणी प्यावं लागतं. आणि तिसरं एकदम साधं, रात्री दहाला जेवलेलं सकाळी सहाला अजून पोटात आतड्यातच असतं, त्याचं पण वजन भरतंच की.

800, 500 आणि राहिलेलं आतड्यातलं. काट्यावरचे 1.9 किलो तिथंच संपले, त्यात चरबी असलीच तर चिमूटभर.

हेच गणित उलट्या बाजूनं पण चालतं, आणि तिथं लोक जास्त फसतात. डाएट चालू केलं की पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, माणूस खूष होतो, सगळ्यांना सांगत सुटतो, पण त्यातलं बरंचसं ग्लायकोजेनसोबत गेलेलं पाणी असतं. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यापासनं आठवड्याला 300 ग्रॅमच उतरतात, तेव्हा खरी चरबी उतरायला लागलेली असते आणि नेमकं तेव्हाच वाटतं की आता थांबलं.

हे झालं पाण्याचं. पण खरोखरचं थांबणं पण असतं, आणि ते जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलतो.

वजन कमी झालं की शरीर लहान होतं आणि लहान शरीराला कमी इंधन लागतं, एवढं कुणालाही पटेल. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत लाइबल, रोझेनबाउम आणि हर्श यांनी 1995 साली दाखवलं की दहा टक्के वजन उतरलेल्या माणसाचा रोजचा कॅलरी खर्च, शरीर लहान झालं म्हणून जेवढा कमी व्हायला पाहिजे त्याच्यापेक्षाही जास्त कमी होतो. शरीराला दुष्काळ आणि डाएट यातला फरक कळत नाही, ते काटकसर चालू करतं. आपण नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्टकडं पाय वळतो, बसल्या जागेवरनं उठायचा कंटाळा येतो.

त्यात भूक वाढते ती वेगळीच. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, ते मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे. याच रॉकफेलरमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमनं 1994 मध्ये त्याचा जीन शोधला. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी होतं, आणि पोटातनं येणारं घ्रेलिन, जे भूक लावतं, ते वाढतं. मेलबर्नमध्ये 50 लठ्ठ लोकांना दहा आठवडे कडक डाएटवर ठेवलं होतं, तो अभ्यास 2011 ला छापून आला. वर्षभरानंतर, त्यातलं काही वजन परत चढलेलं असताना सुद्धा, त्यांच्या भुकेच्या हार्मोन्सची पातळी जुन्या जागेवर आली नव्हती. एक वर्ष! म्हणजे ज्याला आपण "त्याला जिभेवर ताबा नाही" म्हणतो तो बिचारा वर्षभर रोज त्याच्याच शरीराशी झुंजत असतो. मला राग येतो जेव्हा लोक जाड माणसाला आळशी म्हणतात, पाहुण्यांसमोर पोटावरनं बोलतात. ज्यानं आठ किलो उतरवून त्यातले तीन परत चढू दिले आणि तरी चालायचं सोडलं नाही, त्यानं कधीच वजन न वाढलेल्या माणसापेक्षा जास्त मेहनत केलेली असते.

आता परत दादाच्या शनिवारकडं येऊ, कारण खरा धोका काट्यावर नव्हताच, त्यानं बूट खालच्या कप्प्यात ठेवले तिथं होता. त्या दिवशी दुपारी त्यानं उरलेला पांढरा रस्सा भातावर घेऊन खाल्ला, संध्याकाळी वडापाव, रविवारी परत मटण. "जाऊ दे आता, गेलंच आहे सगळं तर खाऊन तरी घेऊ."

या "जाऊ दे आता" वर बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1975 चा प्रयोग आहे. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खा म्हणून सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नाहीत त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं. पण ज्या कायम डाएट करणाऱ्या होत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की त्या दिवसापुरता नियमच उरत नाही, असं हे आहे. पुढं हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी टोरांटोत यावर वर्षानुवर्षं काम केलं.

मग यावर उपाय काय, स्वतःला शिव्या द्यायच्या का? 2007 मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी असाच एक प्रयोग केला. बऱ्याच जणींना आधी डोनट खायला लावला, मग त्यातल्या काही जणींना सांगितलं की असं सगळेच कधीमधी खातात, त्यावरनं स्वतःला दोष देऊ नका. डाएट करणाऱ्यांपैकी ज्यांना हे दोन आपुलकीचे शब्द मिळाले त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोळ्या चॉकलेटं कमी खाल्ली, ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी जास्त. छोटा प्रयोग आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण घरातल्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की टोमणा मारून कुणाचं खाणं कमी होत नाही.

आमच्या घरात हे काम वहिनींनी केलं. सोमवारी रात्री त्यांनी बूट खालच्या कप्प्यातनं काढून दाराशी ठेवले, मोजे आत खोचून. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बी जावा उद्या त्यांच्याबरोबर, ते पाण्याचं काय सांगत होता ते चालता चालता सांगा." मंगळवारी पहाटे भुरभुर पाऊस होता, छत्री घेऊन आम्ही गंगावेशीतनं निघालो, संध्यामठापर्यंत गेलो आणि परत आलो. तो पूर्ण फेरी मारू म्हणत होता, मीच अडवलं. बुधवारी काट्यावर 84.6.

खंड पडला की सवय मोडली असं वाटतं, तिथं पण एक चांगला अभ्यास आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांना रोज एक नवीन गोष्ट करायला सांगितली, आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते बघितलं. 21 दिवसात सवय लागते असं जे सगळीकडं सांगतात ते सोडून द्या. मधला आकडा 66 दिवस आला, पण कुणाला 18 पुरले आणि कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, आणि दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्यापेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागत होता. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा तसा फरक पडला नाही. आणि सवय लागायला दरवेळी तीच खूण लागते, म्हणजे चहा झाला की बूट, असं. "वेळ मिळाला की जाईन" याला खूणच नाही, म्हणून ते होत नाही.

आता आपल्याकडं जुलैत पाऊस असा लागतो की आठ आठ दिवस बाहेर पाय टाकता येत नाही, पंचगंगा पात्राबाहेर आली की रस्तेच बंद. तेव्हा घाबरू नका. दोन आठवडे पूर्ण बंद झालं तर दम लवकर लागायला लागतो, कारण रक्तातलं पाणी कमी होऊन हृदयाचा एकेक ठोका थोडं कमी रक्त फेकतो, पण ते परत चालायला लागलं की लवकर भरून येतं. ताकद तर तीन चार आठवडे बऱ्यापैकी टिकते. तालमीत जुने वस्ताद सांगतात की पूर्वी मेहनत केलेलं अंग लवकर परत येतं, आणि ते खरं आहे. नॉर्वेत क्रिस्टियन गुंडरसन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांमध्ये दिसलं की स्नायूवर जादा भार पडल्यावर त्याच्या पेशीत जी जादा केंद्रकं तयार होतात ती स्नायू बारीक झाला तरी जात नाहीत. माणसात नेमकं हेच कारण आहे का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण परत येणं सोपं जातं हा अनुभव पक्का आहे. फक्त खंडानंतर पहिल्या दिवशी जुन्या आकड्यावर उडी मारू नका, महिन्याभरानंतर एकदम दोनशे बैठका मारून लोक जिना उतरता येत नाही अशी अवस्था करून घेतात, आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर थेट डॉक्टरकडं जायचं, थांबायचं नाही. निम्म्यावरनं सुरू करा.

आणि समजा सगळं करून वजन परत आलंच तर? इथं एक मोठा अभ्यास सांगतो, दादाला पण हाच सगळ्यात जास्त लागू पडला. अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या 3234 लोकांवर झाला होता. त्यातल्या एका गटाला सात टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच ध्येय दिलं. 2002 ला निकाल आला, त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी होतं. नंतर काय झालं, तर त्यातल्या लोकांचं बरंचसं वजन हळूहळू परत चढलं, जसं सगळ्यांचं चढतं. पण दहा वर्षांनी बघितलं तेव्हा सुद्धा त्यांच्यात डायबेटिसचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमीच होतं. मेहनत वाया गेली नव्हती, काट्यावर दिसत नव्हती एवढंच.

आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू आहे, कारण आपल्याकडं बारीक दिसणाऱ्याच्या पण पोटात चरबी असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा 2004 चा फोटो प्रसिद्ध आहे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजन, अगदी सारखा 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणून काट्यासोबत टेप पण ठेवा. आपल्याकडं पुरुषाच्या पोटाचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत आणि बाईचा 80 च्या आत असावा असं धरतात. दादाचं वजन श्रावणभर 84 वरच अडकून बसलं होतं, पण गणपतीला त्यानं मला पट्टा दाखवला, एक भोक आत गेलेलं, आणि नवीन भोक त्यानं वर्कशॉपमध्येच ड्रिलनं पाडलेलं.

ज्यांना शुगरची नाहीतर बीपीची गोळी चालू आहे त्यांनी खाणं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरला विचारा, वजन उतरलं की डोस बदलावा लागतो, नाहीतर चालता चालता चक्कर येते.

आज दादा 82 वर आहे. मधे दिवाळीत 85 ला जाऊन आला. रोज सकाळी वजन करतो, पण आता एका दिवसाचा आकडा बघत नाही, कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि रविवारी सात आकड्यांची सरासरी काढतो, पाण्याचा चढउतार त्यात बराचसा विरून जातो. यंदाच्या आषाढात गल्लीची जत्रा परत शुक्रवारीच आहे. मटणाची वर्गणी त्यानं कालच दिली. काटा मात्र वहिनी गुरुवारी रात्रीच उचलून कपाटावर ठेवणार आहेत, आणि मंगळवारी फिरून आल्यावर खाली काढायचा असं ठरलंय.