वनस्पतिज संयुगे आणि गर्भमेंदूचे कीटकनाशकांपासून संरक्षण

गर्भावस्थेत किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कीटकनाशकांमुळे मेंदूच्या घडणीला होणारी इजा वनस्पतींतील काही संयुगे कमी करू शकतात का, हे तपासणारे संशोधनक्षेत्र. हळदीतील कुर्क्युमिन, कांद्यातील क्वर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरॅट्रॉल ही त्यातली नेहमीची नावे. आशादायक निष्कर्ष बहुतांशी उंदीर आणि पेशीसंवर्धनातले आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

सर्वाधिक अभ्यास क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा झाला आहे. १९६५ पासून वापरात असलेले हे ऑर्गॅनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा एक गट) चेतापेशींमधला संदेश वेळेवर थांबवणारे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एंझाइम निकामी करते. कीड मरते ती त्यामुळेच. पण विषबाधेची लक्षणे दिसणारही नाहीत इतक्या कमी मात्रेतसुद्धा ते चेतापेशींची वाढ आणि जुळणी बिघडवते, ऑक्सिडीकारक ताण (पेशींना इजा करणाऱ्या क्रियाशील रेणूंचा अतिरेक) वाढवते. ते वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचते. त्याचा निचरा करणारे पॅराऑक्सोनेज हे एंझाइम नवजात बाळात प्रौढांपेक्षा बरेच कमी असते, म्हणजे आईला सोसणारी मात्रा बाळाला सोसेलच असे नाही. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. गरोदरपणी आईच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेटांचे अवशेष सर्वाधिक होते त्या गटातील मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक, सर्वांत कमी अवशेषांच्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला (२०११).

वनस्पतिज संयुगे ऑक्सिडीकारक रेणूंना थेट टिपतात असे पूर्वी मानत. शरीरात त्यांचे प्रमाण अगदी कमी असते हे पाहता ते फारसे पटत नाही. पेशी त्यांना सौम्य उपद्रव समजते, पेशीची संरक्षक जनुके चालू करणारे एनआरएफ-२ हे प्रथिन जागे होते आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे ऑक्सिडीकरणरोधक बनवणारी जनुके कामाला लागतात, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक आहे.

अडचण शोषणाची. कुर्क्युमिन आतड्यातून जेमतेम रक्तात उतरते. मिऱ्यातील पायपरिनसोबत दिल्यास माणसांत ते सुमारे २० पट वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. तरीही उंदरांना दिलेली मात्रा भाजीतल्या चिमूटभर हळदीतून मिळणार नाही. शिवाय बांगलादेशात पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य मिसळल्याचे आढळले आहे, आणि शिसे स्वतःच बाळाच्या मेंदूला घातक! ग्रीन टीचे अर्कही गरोदरपणी निरुपद्रवी समजू नयेत. त्यातील पॉलिफेनॉल लोहाचे शोषण घटवतात.

माणसांतील पुरावा थोडाफार आहे तो फॉलिक आम्लाचा. १९४१ मध्ये हे पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. नावही पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून आले. कॅलिफोर्नियातील २०१७ च्या एका अभ्यासात, कीटकनाशकांशी संपर्क आलेल्या ज्या मातांनी गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यात रोज ८०० मायक्रोग्रॅम किंवा अधिक फॉलिक आम्ल घेतले होते, त्यांच्या मुलांत स्वमग्नतेची जोखीम तुलनेने कमी दिसली. ती नाहीशी झाली नाही. शिवाय हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. गरोदर स्त्रियांना मुद्दाम विष देऊन चाचणी घेणे शक्यच नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेवर दवाखान्यात निर्विवाद चालणारे वनस्पतिज संयुग मात्र वेगळेच आहे: बेलाडोना आणि धोतऱ्याच्या कुळातले ॲट्रोपिन. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेल्या विदर्भातील शेतमजुरांना तेच टोचतात. ते लाळ, घाम आणि श्वासनलिकेतील स्राव आवरते; निकामी झालेले एंझाइम पूर्ववत करत नाही.