मायलॉइड सार्कोमा

मायलॉइड सार्कोमा म्हणजे ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) कच्च्या पेशींची बोन मॅरो (हाडांतला मगज) सोडून भलतीकडेच झालेली गाठ. त्वचा, हाडं, लिम्फ नोड, हिरड्या, डोळ्याची खोबण, आतडं, मणक्याजवळ, कुठेही होऊ शकते. बहुतेक वेळा एएमएलबरोबरच (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) सापडते, कधी बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटला की दिसते, आणि कधी रक्त नि मॅरो दोन्ही नॉर्मल असताना एकटीच येते, खरी पंचाईत तिथे होते.

१८११ मध्ये ॲलन बर्न्स यांनी पहिल्यांदा तिचं वर्णन केलं. मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइममुळे ती कापल्यावर कधीकधी हिरवट दिसते, जुनं नाव क्लोरोमा त्यावरूनच पडलं, पण हिरवी नाही म्हणजे ती नाहीच असं धरून चालू नये.

निदान बायोप्सीशिवाय होत नाही. आणि बायोप्सी झाली तरी मायक्रोस्कोपखाली ती हुबेहूब लिम्फोमासारखी (लिम्फ पेशींच्या कॅन्सरसारखी) दिसू शकते, मग लिम्फोमाची केमो सुरू होते आणि मोलाचा वेळ जातो, हे फार वाईट आहे कारण नीट मार्कर (पेशीचा प्रकार ओळखायच्या खुणा) लावले तर ते टाळता येतं. सीडी३ आणि सीडी२० हे लिम्फ पेशींचे मार्कर निगेटिव्ह पण सीडी४३ पॉझिटिव्ह आलं की पॅथॉलॉजिस्टने थांबून मायलोपेरॉक्सिडेज, लायसोझाइम, सीडी६८, सीडी११७, सीडी३३ हे मायलॉइड पेशींकडे बोट दाखवणारे मार्कर बघायलाच हवं. शक्य असेल तर थोडा ताजा तुकडा फ्लो सायटोमेट्री (पेशींवरचे मार्कर मोजायची टेस्ट) आणि जेनेटिक टेस्टसाठी वेगळा ठेवावा, टी(८;२१), इन्व्हर्जन १६, एनपीएम१, एफएलटी३ असे जनुकांतले आणि क्रोमोसोममधले बदल त्यात कळतात आणि पुढची ट्रीटमेंट त्यावर ठरते. मॅरो टेस्ट होतेच, आणि अजून कुठे गाठी आहेत का यासाठी पेट-सीटी हा पूर्ण शरीराचा स्कॅन.

गाठ एकच असली, मॅरो साफ असला तरी डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात हा एएमएलच धरतात. नुसती गाठ काढली किंवा नुसतं रेडिएशन दिलं तर बहुतेकांना काही महिन्यांत उघड एएमएल होतो, त्यामुळे केमो पहिल्यापासूनच लागते, सहसा सात दिवस सायटाराबिन आणि त्यात तीन दिवस डॉनोरुबिसिनसारखं औषध. वय जास्त असेल, एवढी केमो झेपणार नसेल तर ॲझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स ही सौम्य औषधं. केमो झेपणाऱ्यांत एफएलटी३ बदल असेल तर त्या केमोला मिडोस्टॉरिन या औषधाची जोड. मज्जारज्जूवर दाब आला तर मात्र तातडीने रेडिएशन किंवा ऑपरेशन करावं लागतं, तिथे वाट बघत बसलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. फिट पेशंटला रेमिशननंतर (आजार दिसेनासा झाल्यावर) ॲलोजेनिक, म्हणजे दुसऱ्या दात्याच्या पेशींच्या, ट्रान्सप्लांटचा विचार होतो. फॉलोअपला नुसत्या मॅरोवर विसंबून चालत नाही, मॅरो साफ असतानाही गाठ परत येऊ शकते म्हणून स्कॅनही करावे लागतात.