माफी शेवटच्या रिळात का येते?

युद्धकैद्यांवरच्या चित्रपटांचा साचा आता प्रेक्षकांना तोंडपाठ झालाय. काटेरी कुंपण, उपासमार, चाबूक, मग एकदाची सुटका. शेवटच्या दहा मिनिटांत पांढऱ्या केसांचा कैदी आपल्या छळकर्त्यासमोर उभा राहतो, दोघांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पडदा पडतो. हे चित्रपट मी आवडीने बघतो. पण सुटलेल्या कैद्यांच्या आजारांवर झालेलं वैद्यकीय संशोधन वाचलं की वाटतं, पडदा पडतो तिथे डॉक्टरांचं काम जेमतेम सुरू झालेलं असतं.

ब्रह्मदेश-सयाम (आजचं म्यानमार-थायलंड) रेल्वेचं उदाहरण घेऊ. बँकॉकच्या सहलीला गेलेले आपल्याकडचे पर्यटक कांचनबुरीच्या पुलावर फोटो काढून येतात, तीच ही लाइन. जपानी लष्कराने सुमारे ४१५ किलोमीटरचा हा लोहमार्ग १९४२-४३ मध्ये जंगल आणि कातळ फोडून बांधून घेतला. त्यावर दोस्त राष्ट्रांचे साठ हजारांहून अधिक युद्धकैदी राबले आणि बारा हजारांहून अधिक मेले. गोळीने मेलेले त्यात थोडे. बाकीच्यांना हगवण, मलेरिया, कॉलरा, चिघळलेल्या जखमा आणि भात यांनी मारलं.

भात कसा मारतो? पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही जातं. साखरेपासून ऊर्जा काढायला पेशींना थायमिन लागतं, आणि मेंदू तर जवळजवळ सगळा साखरेवरच चालतो. म्हणजे नुसता भात खाणाऱ्याची थायमिनची गरज वाढते, पुरवठा मात्र बंद. शरीरातला साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि साधारण सहाव्या आठवड्यापासून तिथल्या चांगी छावणीच्या कैदी-रुग्णालयात विचित्र रुग्ण येऊ लागले. आधी अन्नावरची वासना उडायची, मग उलट्या व्हायच्या. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरायची. सकाळी काय झालं ते दुपारी आठवायचं नाही, आणि पुढे बेशुद्धी. बहुतेकांना आधी हगवण होऊन गेलेली. ह्यू द वॉर्डनर आणि बर्नार्ड लेनक्स हे दोन डॉक्टर स्वतः कैदीच होते. थायमिनच्या अभावाने होणाऱ्या आजाराला बेरीबेरी म्हणतात; मेंदूच्या बेरीबेरीचे असे ५२ रुग्ण त्यांनी नोंदवले. हाताशी थायमिनची इंजेक्शनं मोजकी होती, पण ती दिली की दोनतीन दिवसांत बुबुळं स्थिर व्हायची. त्यांनी नोंदी लपवून जपल्या आणि १९४७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. या आजारामागे थायमिनचा अभावच आहे, हे दाखवणारा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की बेरीबेरी आहारामुळे होते हे जगात सर्वांत आधी ज्यांनी ओळखलं त्यांत एक जपानी नौदलातलाच डॉक्टर होता. ताकाकी कानेहिरो याने १८८०च्या दशकात खलाशांच्या पांढऱ्या भाताला मांस आणि सातूची जोड दिली आणि नौदलातून हा आजार जवळपास हद्दपार केला. तेव्हा अज्ञानाची सबब इथे चालत नाही.

सुटकेनंतर पोटभर जेवण मिळालं, वजनं भरली. तरी कैद शरीरात टिकून होती, आणि तीही अगदी शब्दशः. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात घर करतो. बाकीचे बहुतेक जंत आयुष्य संपलं की मरतात. याच्या अळ्या मात्र बाहेर न पडता त्याच माणसाच्या शरीरात पुन्हा घुसतात, म्हणजे संसर्ग स्वतःच स्वतःला चालू ठेवतो. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय आजारांच्या संस्थेत माजी कैद्यांची तपासणी झाली तेव्हा युद्ध संपून काही दशकं लोटली होती, आणि तरी बऱ्याच जणांच्या पोटात हा जंत जिवंत निघाला. खूण म्हणजे पाठीवर किंवा मांडीवर उठणारी खाजरी लाल रेघ, जी तासाला काही सेंटिमीटर सरकते. अशा म्हाताऱ्याला दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कुणी स्टेरॉइड दिलं तर प्रतिकारशक्ती दबते, अळ्या अंगभर पसरतात आणि माणूस दगावू शकतो. तरुणपणी चिखलात तुडवलेल्या जंगलाचा हिशेब सत्तरीत चुकता व्हायचा.

मनाचंही तसंच. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, हे निदान मानसोपचाराच्या अधिकृत अमेरिकी यादीत आलं ते थेट १९८० साली. तोवर हे लोक ‘विक्षिप्त’, ‘तापट’, ‘घुमे’ म्हणून घरात वावरले. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात पकडल्या गेलेल्या इस्रायली सैनिकांचा झहावा सॉलोमन यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यात काही जणांचा त्रास वयाबरोबर ओसरण्याऐवजी वाढलेला दिसला. ‘काळ हे औषध’ असं आपण सहज म्हणून जातो, पण या रुग्णांना ते लागू पडलं नाही.

एरिक लोमॅक्स हा ब्रिटिश लष्कराच्या संदेशवहन विभागातला अधिकारी याच रेल्वेवर कैदी होता. त्याला लहानपणापासून आगगाड्यांचं वेड, हा दैवाचा क्रूर विनोद. १९४३ साली छावणीत लपवलेला रेडिओ सापडला, त्याने काढलेला नकाशाही सापडला. मारहाणीत दोन्ही हात मोडले. मग लष्करी पोलिसांनी नाकातोंडात पाणी सोडून चौकशी केली. शेजारी दुभाषा होता, नागासे ताकाशी. पुढची चाळीसेक वर्षं लोमॅक्सच्या स्वप्नांत मारणाऱ्यापेक्षा त्या दुभाष्याचा आवाजच जास्त येत राहिला.

लोमॅक्सवर २०१३ मध्ये निघालेल्या चित्रपटात तो सूड घ्यायला जातो आणि नागासेला अवचित गाठतो. प्रत्यक्षातला क्रम पडद्यावर रटाळ वाटला असता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो लंडनमध्ये हेलन बॅम्बर यांनी छळ सोसलेल्यांसाठी काढलेल्या संस्थेत उपचार घेऊ लागला. नागासे जिवंत आहे, युद्धानंतर दोस्तांच्या तुकडीबरोबर कैद्यांच्या कबरी शोधत फिरला होता, कांचनबुरीला त्याने बौद्ध मंदिर बांधलंय, हे लोमॅक्सला एका वर्तमानपत्राच्या कात्रणातून कळलं. आपल्याला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं, असं नागासेने लिहिलं होतं. लोमॅक्सची बायको पॅटी ते वाचून भडकली. ज्याला छळलं त्याने माफ केलेलं नसताना याला क्षमा मिळाली कशी? १९९१ साली तिने नागासेला तसं सरळ पत्र लिहिलं. उत्तर आलं. भेट झाली ती १९९३मध्ये, आणि माफीचं पत्र लोमॅक्सने दिलं ते त्यानंतर, जपानमध्ये. उपचार आधी, माहिती मग, आणि माफी सगळ्यांत शेवटी.

प्रयोगशाळेत माफी मोजता येते का? थोडीफार. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्हलिएट यांनी २००१ साली ७१ विद्यार्थ्यांना, आपल्याला दुखावलेल्या माणसाचा विचार करायला सांगितलं. कधी डूख धरून, कधी माफ केल्याची कल्पना करून. डूख धरल्यावर भुवयांचे स्नायू आवळले, तळहाताला घाम सुटला, नाडी आणि रक्तदाब वाढला. विचार थांबवल्यावरही शरीर लगेच शांत झालं नाही. एव्हरेट वर्दिंग्टन हे मानसशास्त्रज्ञ निर्णयाची माफी आणि भावनेची माफी वेगळी धरतात. सूड घ्यायचा नाही असं एका दुपारी ठरवता येतं. आतली अढी सुटायला वर्षं लागतात. वर्दिंग्टन हे पुस्तकी बोलत नाहीत, त्यांच्या आईचा खून झाला होता. त्यांच्या पद्धतीवर बेतलेली एक कार्यपुस्तिका पाच देशांतल्या ४,५९८ लोकांना देऊन पाहिली. २०२४ साली छापलेल्या निकालानुसार चिंता आणि नैराश्य काहीसं कमी झालं.

मात्र मित्राने दगा दिल्याचं दुःख आणि नाकात पाणी सोडणाऱ्याची आठवण एका तराजूत घालायला मी धजावणार नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात छळ सोसलेल्यांच्या अभ्यासात, ज्यांनी माफ केलेलं नव्हतं त्यांची मानसिक प्रकृती अधिक वाईट आढळली. पण त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगापुढे नुसती साक्ष दिल्याने प्रकृतीत ठळक फरक पडलेला दिसला नाही. आणि माफीमुळे माणूस बरा होतो, की थोडा बरा झालेलाच माफ करू शकतो? लोमॅक्सच्या बाबतीत तरी मला दुसरं अधिक पटतं. म्हणून पीडिताला ‘माफ करून टाक, मोकळं वाटेल’ असा सल्ला देणं म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणं आहे.

शिवाय हे सगळं विज्ञान घरी परतलेल्यांचं आहे. ज्यांची नावं यादीत होती, ज्यांना पेन्शन होती, दवाखाना होता, त्यांचं. त्याच रेल्वेवर मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर, ब्रह्मी, मलय, जावानीज असे दोन लाखांच्या आसपास आशियाई कामगार होते. त्यांच्यातले मृत्यू कैद्यांच्या कितीतरी पट. त्यांच्या छावण्यांत बहुतेक ठिकाणी स्वतःचे डॉक्टर नव्हते, आजारपणाच्या नोंदी कुणी जपल्या नाहीत, आणि चाळीस वर्षांनी त्यांच्या पोटातले जंत तपासायला कोणतंही रुग्णालय त्यांना बोलावत नव्हतं.