वर्गभाषा (इंग्रजी अध्यापन)

इंग्रजीचा तास चालवण्यासाठी शिक्षक जी इंग्रजी बोलतात तिला वर्गभाषा म्हणतात. सूचना, प्रश्न, शाबासकी, चुकांची दुरुस्ती हे सगळे तिच्यात येते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. ज्या मुलांच्या कानावर एरवी इंग्रजी पडत नाही, त्यांना कामाची इंग्रजी भेटते ती इथेच. धड्यातले वाक्य नुसते वाचले तरी चालते. ‘ओपन युवर बुक्स’ म्हटल्यावर पुस्तक उघडावेच लागते.

सुरुवातीला आठ-दहा सूचना पुरतात, पण शब्द रोज तेच हवेत. आज ‘क्लोज’, उद्या ‘शट’ म्हटले की लहान मुले गोंधळतात. सूचनेला हातवाऱ्यांची जोड द्यावी आणि ते हळूहळू कमी करावेत. मूल भाषा समजते आहे की नुसता हात बघते आहे, हे हात मागे बांधून तीच सूचना दिली की लगेच कळते. ऐकून कृती करायची, बोलण्याची सक्ती नाही, हे तत्त्व अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांच्या ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ पद्धतीचे.

उपक्रमाची सूचना देताना क्रम चुकला की सगळेच फसते. आधी वर्ग शांत करावा, एका वेळी एकच पायरी सांगावी, एका जोडीकडून करून दाखवावी, आणि कागद शेवटी वाटावेत. कागद हातात पडला की सूचना कोणी ऐकत नाही. ‘अंडरस्टूड?’ या प्रश्नाला ‘येस टीचर’ असा कोरस ठरलेलाच. त्याला काडीचा अर्थ नसतो. त्यापेक्षा ‘अलोन ऑर इन पेअर्स?’ असे विचारावे.

प्रश्नानंतर थांबणे बहुतेकांना जड जाते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबल्यावर मुले जास्त लांब उत्तरे देऊ लागली आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

मूल ‘ही गो टू स्कूल’ म्हणते, शिक्षक ‘येस, ही गोज टू स्कूल’ म्हणतात. मुलाला ऐकू येते फक्त ‘येस’. ‘ही...?’ म्हणून थांबले तर ते स्वतः दुरुस्ती करू शकते.

मराठी वर्ज्य नाही. व्याकरणाचा नियम किंवा ‘ऑनेस्टी’सारखा शब्द मराठीत मिनिटभरात उरकतो. मात्र प्रत्येक सूचनेमागोमाग भाषांतर येऊ लागले, की मुले इंग्रजी कानाआड करून मराठीची वाट बघतात.

मुलांच्या वाट्याची वर्गभाषा बहुधा ‘मे आय कम इन’पाशीच अडते, तीही एका दमात म्हटलेली. ‘से इट अगेन, प्लीज’ आणि ‘आय डोन्ट नो’ ही दोन वाक्ये पहिल्याच महिन्यात शिकवावीत.