राक्षसी नळीकृमी

राक्षसी नळीकृमी (शास्त्रीय नाव : रिफ्टिया पॅकिप्टिला) हा पूर्व पॅसिफिक महासागराच्या तळावरील उष्ण झऱ्यांभोवती, सुमारे 2,500 मी. खोलीवर दाटीवाटीने वाढणारा प्राणी आहे. 1977 मध्ये गॅलापागोस खचदरीत उतरलेल्या ‘ॲल्व्हिन’ पाणबुडीतील संशोधकांना तो प्रथम दिसला. मोहीम भूविज्ञानाची होती आणि तीत एकही जीववैज्ञानिक नव्हता. मेरेडिथ जोन्स यांनी 1981 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

कायटिन व प्रथिनांच्या पांढऱ्या नळीत राहणाऱ्या या कृमीची लांबी दीड मीटरहून अधिक भरते. टोकाचा पिसारा रक्तामुळे लालभडक दिसतो. प्रौढाला तोंड, आतडे व गुदद्वार नसते. धडातील ट्रोफोसोम हे ऊतक जीवाणूंनी भरलेले असून ते हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीभवनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर कार्बन स्थिर करतात, म्हणजे कार्बनपासून अन्न बनवतात; त्यावरच कृमी जगतो. कॉलीन कॅव्हॅनॉ यांनी 1981 मध्ये हे सहजीवन मांडले.

सल्फाइड हे एरवी श्वसनाचे विष. या कृमीचे हीमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन व सल्फाइड एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी धरते. सल्फाइड धरण्याची जागा सिस्टीन या ॲमिनो आम्लाची मुक्त टोके पुरवतात, असे 1990 नंतरच्या दशकात मानले गेले. 2005 मध्ये स्फटिकरचनेच्या अभ्यासातून जस्ताच्या आयनांचा पर्याय पुढे आला. दोन्ही यंत्रणा एकत्र कार्य करत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

वर्गीकरणाचा वाद दीर्घकाळ चालला. मोरिस कोलरी यांनी 1914 मध्ये इंडोनेशियाच्या समुद्रातून आणलेल्या अशाच आतडेहीन, बारीक कृमींचे वर्णन केले होते. पुढे त्यांचा पोगोनोफोरा हा स्वतंत्र संघ झाला. चेतारज्जूची बाजू पाठीची समजल्याने इव्हानोव्ह या सोव्हिएत प्राणिवैज्ञानिकाने त्यांना पृष्ठवंशींच्या जवळच्या गटांशेजारी बसवले. जाळ्यात सापडलेल्या नमुन्यांची शेपटी तुटून मागेच राहत असे. 1964 मध्ये ती हाती आली, तेव्हा तिच्यात वलयी कृमींसारखे (गांडुळाच्या गटातील प्राण्यांसारखे) खंड व दृढरोम (ताठ केस) दिसले. तरीही जोन्स यांनी 1985 मध्ये राक्षसी नळीकृमी व त्याच्या नातलगांसाठी व्हेस्टिमेंटिफेरा हा वेगळा संघ सुचवला. 1997 मध्ये मॅकह्यू यांनी एका जनुकाच्या तुलनेतून या कृमींना वलयी संघात (ॲनेलिडा) आणले आणि 2001 पासून ते सिबोग्लिनिडी या कुलात गणले जातात. शेपटीचा पुरावा पाहता हेच वर्गीकरण स्वीकारणे योग्य ठरते.

कुलाचे वय अनिश्चित आहे. दक्षिण उरलमधील यामान-कासी येथील सिल्युरियन काळातील, म्हणजे सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीच्या, नळ्यांचे जीवाश्म काहींनी या गटाशी जोडले. रेणवीय कालगणना (जनुकांतील फरकांवरून काढलेला काळ) व्हेस्टिमेंटिफेरांचा उगम बहुधा 10 कोटी वर्षांच्या आतला दर्शवते. नुसत्या नळीवरून कुल ओळखणे कठीण असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

सहजीवी जीवाणू (एंडोरिफ्टिया पर्सेफोनी) आईकडून मिळत नाहीत. पूर्वी ते पिलाच्या तोंडातून शिरतात असा समज होता. 2006 मधील अभ्यासात ते पाण्यातून डिंभाच्या (अळी-अवस्थेतील पिलाच्या) त्वचेवाटे शिरतात असे दिसले. कृमी मेल्यावर जिवंत जीवाणू पुन्हा पाण्यात मिसळतात. टेव्हनिया व ओएसिसिया या शेजारच्या नळीकृमींतही हाच जीवाणू राहतो.

या कृमीचा जीनोम (संपूर्ण जनुकीय संच) सुमारे 56 कोटी बेस-जोड्यांचा असून बीटा-1 प्रकारची हीमोग्लोबिन जनुके त्यात मोठ्या संख्येने वाढलेली आहेत. लोकसंख्येतील जनुकीय विविधता मात्र कमी. झरे विझतात, नवे उघडतात आणि वसाहती पुनःपुन्हा नव्याने वसतात, हे त्यामागचे कारण असावे. 1991 च्या सागरतळावरील ज्वालामुखी उद्रेकानंतर पूर्व पॅसिफिकमध्ये 9° 50′ उत्तर अक्षांशाजवळ वर्षाला 85 सेंमी.हून अधिक नळीवाढ नोंदली गेली. डिंभ अन्नाशिवाय सरासरी 38 दिवस तग धरतो आणि प्रवाहांबरोबर सुमारे 100 किमी. जाऊ शकतो. मध्य अटलांटिक कटकावरील (समुद्राखालील पर्वतरांगेवरील) उष्ण झऱ्यांवर हा कृमी आढळत नाही.