सर्वेश्वरवाद आणि सायकेडेलिक अनुभव : पार्श्वभूमी

सायकेडेलिक द्रव्ये (जाणीव व संवेदना तीव्रपणे पालटणारी रसायने) घेतलेल्यांच्या कथनांत ‘सारे एकच आहे’ ही प्रतीती वारंवार येते आणि तिला आज सहज सर्वेश्वरवाद, म्हणजे ईश्वर आणि विश्व एकच आहेत हे मत, म्हटले जाते. प्रत्यक्षात या दोहोंचे इतिहास दीर्घकाळ वेगळे होते. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलेल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाने ‘ईश्वर म्हणजेच निसर्ग’ हे मत कोणत्याही उन्मनी अवस्थेच्या आधारे नव्हे, तर भूमितीच्या धर्तीवर व्याख्या व प्रमेये रचून मांडले. त्याचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये निघाला.

रसायन आणि अद्वैत यांची पहिली ठळक गाठ अमेरिकन तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या लेखनात पडते. नायट्रस ऑक्साइड (हास्यवायू) हुंगल्यावर सारे विरोध एकात विरून जातात, असे त्यांनी १८८२ मध्ये लिहिले. धुंदी उतरल्यावर हाती उरलेली टिपणे मात्र निरर्थक वाटली, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. पेयोटे या निवडुंगातील सायकेडेलिक द्रव्य मेस्कलिन १८९७ मध्ये वेगळे काढले गेले आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या एलएसडीचा प्रभाव स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांना १९४३ मध्ये उमगला. तरी या अनुभवांना तात्त्विक भाषा दिली ती इंग्रज लेखक ऑल्डस हक्सली यांनी. १९५३ मध्ये मेस्कलिन घेऊन फुलदाणीतील फुलांकडे पाहताना त्यांना ‘सच्चिदानंद’ हा शब्द आठवला, आणि मेंदू हा विश्वव्यापी मनाला आवर घालणारा झडपेसारखा अवयव आहे, ही कल्पना त्यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने मांडली. १९५७ मध्ये धर्मांचे अभ्यासक आर. सी. झेनर यांनी त्यावर कठोर टीका केली : निसर्गाशी एकरूप होणे आणि ईश्वराशी एकरूप होणे या भिन्न गोष्टी आहेत.

पुढच्या संशोधनाने हा वाद सोडवला असे म्हणवत नाही. १९६२ मध्ये बोस्टनच्या मार्श चॅपेलमध्ये संशोधक वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांतील १० जणांना सायलोसिबिन हे काही अळिंबींत आढळणारे सायकेडेलिक द्रव्य दिले होते. अनुभव गूढवादी ठरवण्याचे पान्के यांचे निकष मुख्यतः गूढवादाचे तत्त्वज्ञ डब्ल्यू. टी. स्टेस यांच्या तत्त्वज्ञानातून घेतलेले होते आणि त्यांत एकत्वाला अग्रस्थान होते. नंतरच्या प्रश्नावल्यांतही हाच वारसा उतरला. म्हणजे ज्या मापाने एकत्व मोजायचे, त्या मापातच ते आधी घडवलेले होते.

याच द्रव्याला सर्वत्र एकत्वाचाच अर्थ दिला जात नव्हता : मेक्सिकोतील माझातेक या आदिवासी समाजातील वैदू मारिया साबिना यांच्याकडे सायलोसिबिनयुक्त अळिंबी रात्रीच्या विधीत आजाराचे कारण शोधण्यासाठी खाल्ली जात असे, आणि त्यांच्या मंत्रगायनात येशूला व संतांना आवाहन केले जाई.