सोनेरी नक्षीची इंग्लिश बोन चायना भांडी : संग्रह

साधारणपणे १८०० ते १८३० या काळात इंग्लंडमध्ये घडलेली, सोन्याने नक्षी काढलेली कपबश्या, किटल्या, ताटल्या अशी बोन चायनाची भांडी ओळखून जमवण्याचा हा अभ्यासू छंद आहे.

या भांड्यांचे माहेरघर स्टॅफर्डशरमधील स्टोक-ऑन-ट्रेंट. स्पोड या कारखानदार पितापुत्रांनी १७९० च्या दशकात तेथे बोन चायनाचे मिश्रण बसवले : सुमारे निम्मी गुरांच्या हाडांची राख, बाकी कॉर्नवॉलची पांढरी माती आणि तिथलाच दगड. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबवली होती. त्यामुळे बाजार मोकळाच होता. मिंटनचा कारखाना आणि कोलपोर्ट, डर्बी, वुस्टर इथले कारखानेही या धंद्यात होते.

या काळचे सोने आधी पाऱ्यात कालवून कुंचल्याने झिलईवर चढवत. भट्टीत पारा उडून जाई आणि मागे राही ते निस्तेज सोने. ते अकीकाच्या दगडाने घोटून चमकवावे लागे. हे काम बहुधा स्त्रिया करीत. पाऱ्याची वाफ कारागिरांच्या जिवावर उठणारी होती, हे या झळाळीकडे पाहताना विसरू नये. १८३० च्या सुमारास जर्मनीतील माइसेन येथे निघालेले द्रवरूप सोने भट्टीतून चमकतच बाहेर येते, पण त्याचा थर पातळ असतो. घोटलेल्या सोन्याची मऊ, दाट झळाळी त्याला नाही.

बऱ्याच भांड्यांवर कारखान्याचे नाव नसते. असलाच तर हाताने लिहिलेला नक्षीक्रमांक असतो. म्हणून आकार पाहावा लागतो. बुडाजवळ धारदार वळण आणि कोनदार कान असलेला ‘लंडन’ कप १८१२ च्या आसपास रूढ झाला. चहाचा कप, कॉफीचा कप आणि दोघांत मिळून एकच बशी, असा त्रिकूट संचही याच काळचा. तळाशी ‘इंग्लंड’ छापलेले असेल तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे, आणि ‘बोन चायना’ हे शब्द असतील तर विसाव्या शतकातले.

खरी परीक्षा झिजेची. ताटलीच्या मध्यभागी सुरीचे ओरखडे आणि काठावर मात्र कोरे करकरीत सोने दिसले, तर ते मागाहून चढवले असण्याचा संशय घ्यावा. अशा ताटलीपेक्षा काठ झिजलेली अस्सल ताटली केव्हाही श्रेष्ठ. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे; यंत्रात घातल्यास सोने उतरते. ताटल्या एकावर एक रचताना मध्ये मऊ कापड घालावे, आणि कप कधीही कानाला धरून उचलू नये.